प्राग दोन दिवसांत: शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

प्रागचा वीकेंड दोन बंद दारांवर बेतावा लागतो. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी दुपारी बारापर्यंत पर्यटकांना बंद असतं, कारण सकाळी तिथे प्रार्थना चालते. योझेफोव्ह या जुन्या ज्यू वस्तीतली संग्रहालयं आणि स्मशानभूमी शनिवारी बंद, कारण तो शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. म्हणजे किल्ला शनिवारी आणि योझेफोव्ह रविवारी, हे आधीच ठरलेलं आहे. उलट क्रम लावला तर दोन्ही दिवशी कुलपं बघून परतावं लागतं. शिवाय शहर चढउताराचं असल्यामुळे कुठल्या बाजूने शिरायचं हेही महत्त्वाचं. बाकी सगळं या दोन गोष्टींभोवती बसवता येतं. पुढची आखणी जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला धरून आणि ड्रेस्डेनहून निघायचं असं मानून केली आहे. बर्लिनहून थेट गाडीला चार तासांच्या वर लागतात, म्युनिकहून साडेपाच-सहा.

निघण्यापूर्वी कागदपत्रं. पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही मूळ प्रतीत हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. जर्मन परमिटवर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र परमिटची मुदत संपून नूतनीकरण अडकलं असेल आणि हातात फक्त फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग हा तात्पुरता दाखला असेल, तर त्यावर कुठल्या कलमापुढे खूण आहे ते वाचा. कलम ८१ परिच्छेद ४ असेल तर जुनं परमिट सोबत ठेवून जाऊन येता येतं. परिच्छेद ३ असेल तर परत जर्मनीत शिरताना अडचण येऊ शकते, तेव्हा परदेशी नागरिक कार्यालयाला विचारल्याशिवाय हद्द ओलांडू नका. सरकारी आरोग्य विमा असेल तर कार्डाची मागची बाजू हेच युरोपीय विमा कार्ड असतं आणि चेकियात तातडीच्या उपचारांना ते चालतं. खासगी विमा असेल तर पॉलिसीत परदेश धरला आहे का ते बघा. आयसिक हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल तर घ्याच. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी सवलत २६ वर्षांपर्यंतच मिळते, आणि फक्त जर्मनमध्ये छापलेलं, फोटो नसलेलं सेमिस्टर तिकीट खिडकीवरच्या माणसाला पटेलच असं नाही.

शुक्रवार

ड्रेस्डेनहून प्रागला थेट गाडी सव्वादोन ते अडीच तासांत पोचवते. तिकीट जर्मन रेल्वेच्या साइटवर पाहिलंत तरी त्याच गाडीचं तिकीट चेस्के द्राही या चेक रेल्वेच्या साइटवरही बघा. लवकर काढलं तर तिथे ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं. स्वस्त तिकीट त्या एका गाडीपुरतंच असतं, म्हणून शुक्रवारचं शेवटचं लेक्चर लांबण्याची शक्यता असेल तर पुढची गाडी धरा. डॉइचलांडटिकेट या जर्मनीतल्या मासिक पासवर जायचं असेल तर ते श्योना या हद्दीवरच्या स्टेशनापर्यंतच चालतं. पुढे द्येचीनपर्यंत आणि द्येचीनहून प्रागपर्यंत वेगळं तिकीट लागतं. पैसे वाचतात, पण हद्दीवरच्या छोट्या गाडीच्या फेऱ्या कमी आहेत. एक चुकली तर संध्याकाळ हातची गेली. दोन रात्रींच्या प्रवासात ही बचत माझ्या मते परवडत नाही.

गाडीत प्रागकडे जाताना डाव्या खिडकीची जागा घ्या. रूळ एल्ब नदीच्या काठाकाठाने जातात आणि नदी डाव्या हाताला राहते. पिर्ना सुटलं की पलीकडच्या काठावर बास्टायचे वालुकाश्माचे सुळके दिसतात. क्योनिगश्टाइनचा किल्ला मात्र उजवीकडे, डोक्यावर आहे. हद्द ओलांडली की हीच नदी लाबे होते. हिवाळ्यात साडेतीनच्या आत निघालात तरच हे उजेडात दिसेल, कारण डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो.

गाडी आधी होलेशोवित्से स्टेशनावर थांबते, मग मुख्य स्टेशनावर. हॉस्टेल होलेशोवित्सेत असेल तर तिथेच उतरा, सरळ मेट्रोची लाल म्हणजे सी लाइन मिळते. मुख्य स्टेशनावर उतरलात तर फलाट क्रमांक एकवर निकोलस विंटन यांचा पुतळा आहे. १९३९ साली त्यांच्या खटपटीतून ६६९ मुलं, बहुतेक ज्यू, इथून रेल्वेने इंग्लंडला सुखरूप गेली. दोन मिनिटं थांबून बघण्यासारखा आहे.

राहायला झिझकोव्ह, होलेशोवित्से किंवा स्मीखोव्ह बरं. जुन्या शहरातली हॉस्टेलं जवळ पडतात, पण शुक्रवार-शनिवारी खालचे बार पहाटेपर्यंत झोपू देत नाहीत. दर रात्री माणशी ५० कोरुना शहर कर असतो, आणि तो बुकिंगच्या रकमेत नसेल तर काउंटरवर द्यावा लागतो. लॉकरसाठी स्वतःचं कुलूप न्या. चाकाची बॅग नको, सगळे रस्ते दगडी ठोकळ्यांचे आहेत.

पैशांबद्दल एकदाच सांगतो. चेकियात युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना मिळतात. हा आकडा डोक्यात ठेवला की फसवणूक लगेच कळते. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, तेव्हा रोख थोडीच काढा आणि तीही बँकेच्या भिंतीतल्या एटीएममधून. पर्यटकी गल्ल्यांत उभी असलेली सुटी मशीनं दर वाईट देतात. मशीन ‘तुमच्या चलनात रक्कम दाखवू का’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा आणि कोरुनातच व्यवहार करा. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो. पैसे बदलणाऱ्या दुकानात ‘कमिशन शून्य’ ही पाटी निरर्थक आहे, दरातच खाऊन घेतात. फसलातच तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून घ्यायचा हक्क कायद्याने दिला आहे, पण त्यासाठी पावती हवी. सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी १०-२० कोरुनांची नाणी खिशात असू द्या.

मेट्रो, ट्राम, बस यांना एकच तिकीट चालतं. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ असा हिशेब असेल तर ७२ तासांचं काढून मोकळं व्हा. कागदी तिकीट पहिल्यांदा वापरताना पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्यावं लागतं, त्यावर तारीख-वेळ उमटली की ते सुरू होतं. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. ट्राममधल्या कार्ड मशीनमधून निघालेलं तिकीट मात्र आधीच छापलेलं असतं. लीताच्का या अ‍ॅपवर तिकीट विकत घेणं आणि सुरू करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि सुरू केल्यावरही ते लागू व्हायला थोडा वेळ लागतो. म्हणून फलाटावर उतरण्याआधीच बटण दाबा. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि नवखे म्हणून सोडत नाहीत.

सामान टाकून संध्याकाळी जुन्या शहराच्या चौकात जा, ते ओर्लोयसाठी. हे खगोलीय घड्याळ १४१० पासून टाउन हॉलच्या भिंतीवर आहे. सकाळी नऊ ते रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो, शेवटी कोंबडा आरवतो. हे बघायला तोबा गर्दी होते, सगळे फोन वर करून उभे असतात आणि पाकीटमारांचं त्याच मिनिटात फावतं. खेळ मिनिटभरात आटोपतो. गर्दी पांगली की खरं बघायला लागा, कारण घड्याळ तबकडीत आहे.

वरचा निळा भाग म्हणजे दिवसाचं आकाश, नारिंगी पट्टे म्हणजे पहाट आणि संधिप्रकाश, खालचा काळा गोल म्हणजे रात्र. सोनेरी काट्यावर सूर्य बसवलेला आहे आणि तो काट्यावरून आतबाहेर सरकतो, म्हणून उन्हाळ्यात निळ्यात जास्त वेळ राहतो आणि हिवाळ्यात कमी. काट्याच्या टोकाचा हात रोमन आकड्यांवर नेहमीची वेळ दाखवतो. त्याच्याही बाहेर काळं कडं आहे, सोनेरी, जुन्या वळणाच्या आकड्यांचं. ती जुनी चेक वेळ. ती सूर्यास्तापासून मोजतात, २४ वाजले की दिवस संपला. सूर्यास्त रोज बदलतो, म्हणून हे कडंच वर्षभर थोडंथोडं पुढेमागे फिरतं. निळ्या भागातल्या वाकड्या रेघा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा सारखे भाग करतात, म्हणजे तिथला एक तास जूनमध्ये मोठा आणि डिसेंबरात छोटा. सूर्योदयापासून दिवस धरणाऱ्या पंचांगाची सवय असलेल्याला हे पटकन उमगेल.

मध्यापासून बाजूला सरकलेलं जे कडं फिरताना दिसतं ते राशिचक्र. सूर्य त्यावर ज्या खुणेवर असेल ती त्याची रास. इथे एक फरक लक्षात ठेवा. १४ जानेवारीला आपल्या पंचांगात सूर्य नुकताच मकरेत शिरतो, पण ओर्लोयवर तो त्या दिवशी मकर राशीच्या शेवटाकडे आलेला असतो. आपली पंचांगं निरयन आहेत, म्हणजे राशी ताऱ्यांवरून धरतात, आणि हे घड्याळ सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजतं. दोहोंत साधारण २४ अंशांचं अंतर पडलं आहे. चंद्राचा गोळा अर्धा रुपेरी आणि अर्धा काळा आहे, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. दहा मिनिटं नीट पाहिलंत तर आजची तिथी साधारण सांगता येईल. रात्री तबकडीवर दिवे असतात, त्यामुळे अंधार पडल्याने काही बिघडत नाही.

चौकात जेवू नका. शाकाहारी असाल तर जवळच टीन्स्का गल्लीत ‘ढाबा बेआस’ आहे, तिथे ताटात वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. चेक खानावळीत शाकाहाऱ्याला हमखास मिळतं ते स्माझेनी सीर, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं चीज, बटाट्यांबरोबर. ब्रांबोराच्का हे बटाट्याचं सूप दिसायला निर्धोक असतं, पण त्यात स्लानिना म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, विचारून घ्या. ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. गोमांस न खाणाऱ्यांनी ‘होव्येझी’ हा शब्द पाठ करावा. गुलाश आणि क्रीमच्या रश्शातली स्वीच्कोवा, दोन्ही सहसा त्याचेच. ‘वेप्र्झोवे’ म्हणजे डुक्कर, ‘कुर्झेत्सी’ म्हणजे कोंबडी. चौकाचौकात निखाऱ्यावर फिरणारं गोड त्र्देलनीक जुना चेक पदार्थ म्हणून विकतात, तो तसा नाही. खायचं तर खा, पण परंपरा म्हणून जास्त पैसे मोजू नका.

शनिवार

सकाळी आठच्या आत बावीस नंबरची ट्राम पकडा. नकाशा ‘प्राझ्स्की ह्राड’ म्हणजे किल्ल्याच्या थांब्यावर उतरायला सांगेल. तिथे न उतरता पुढे पोहोर्झेलेत्सपर्यंत जा. तो थांबा किल्ल्याहून उंचावर आहे, तिथून पुढे सगळा उतार. स्त्राहोव्ह मठाच्या कठड्यावरून सकाळच्या उन्हात अख्खं शहर दिसतं. मग लोरेताच्या चर्चवरून ह्राडचानी चौकात या. मालोस्त्रान्स्का मेट्रोपाशी उतरून पायऱ्या चढत येणारे किल्ल्यात पोचेपर्यंत दमलेले असतात, आणि मग कॅथेड्रलमध्ये बाक शोधतात. याच ट्राममध्ये पाकीटमारही असतात. सॅक पुढे घ्या.

किल्ल्याचं आवार पहाटेच उघडतं आणि फिरायला फुकट आहे. आतल्या इमारती नऊला उघडतात, उन्हाळ्यात पाचला आणि हिवाळ्यात चारला बंद होतात. तिकीट दोन दिवस चालतं. नऊच्या ठोक्याला आधी कॅथेड्रल गाठा, दहानंतर सहलींचे जथे येतात आणि मधल्या वाटेवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. पायाचा दगड १३४४ चा आणि काम पुरं झालं १९२९ साली. त्यामुळे पुढचा भाग मध्ययुगीन आणि दाराकडचा अर्धा भाग तुलनेने नवा आहे, जोड कुठे ते शोधत बघायला मजा येते. डावीकडच्या तिसऱ्या कोनाड्यातली खिडकी चित्रकार अल्फोन्स मुखाची. आजूबाजूच्या खिडक्यांपेक्षा ती वेगळी दिसते, कारण इथे काचेवर रंगवलेलं आहे. ऊन दक्षिणेकडून येतं, तेव्हा उजवीकडच्या खिडक्यांचे रंग समोरच्या खांबांवर उतरतात. पुढे सेंट वेन्सेस्लासचं दालन आहे, भिंतींत रत्नखडे बसवलेलं. आत सोडत नाहीत, दारातूनच बघायचं. याच दालनातल्या एका दाराआडच्या खोलीत बोहेमियाची राजचिन्हं आहेत. त्या दाराला सात कुलपं आहेत आणि सात किल्ल्या सात वेगवेगळ्या पदाधिकाऱ्यांकडे असतात.

मग जुना राजवाडा. व्लादिस्लाव्ह दालनात घोड्यावरून द्वंद्वं खेळत, म्हणून बाहेरचा जिना घोडा चढेल इतका रुंद आणि उथळ पायऱ्यांचा आहे. त्याला लागून असलेल्या कचेरीच्या खिडकीतून २३ मे १६१८ रोजी सम्राटाचे दोन प्रतिनिधी आणि त्यांचा चिटणीस यांना बाहेर फेकण्यात आलं. तिघंही वाचले, पण त्यातून पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं. खिडकी बघून पटकन पुढे जाऊ नका, वाकून खाली बघा, उंची कळते.

बाराला पहिल्या चौकात पहारा बदलतो, वाद्यांसह. उभं राहायचं असेल तर पावणेबारापर्यंत कठड्याजवळ जागा धरावी लागते. वेळ कमी असेल तर हे सोडून द्या. सोनेरी गल्लीतल्या २२ नंबरच्या बुटक्या घरात काफ्का १९१६-१७ मध्ये लिहायला येत असे. इमारती बंद झाल्यावर गल्लीतून तिकिटाशिवाय चालता येतं, पण घरं तेव्हा आतून बघता येत नाहीत.

पूर्वेच्या दारातून जुन्या पायऱ्यांनी खाली उतरा. पायथ्याशी वॉलेनश्टाइन बाग आहे, तिच्या लगतच्या राजवाड्यात आज चेक सिनेट बसते. बाग फुकट, मोर मोकळे फिरतात. हिवाळ्यात बंद असते. दुपारी सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळं घेऊन नदीकाठी काम्पा बेटावर बसून खाल्लं तर पैसेही वाचतात आणि पायही. जर्मनीसारखी इथे रविवारी दुकानं बंद नसतात, तेव्हा दोन दिवसांचं एकदम भरून ठेवायची गरज नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या.

दुपारनंतर पेत्र्झीन टेकडी. वरचा लोखंडी मनोरा १८९१ चा, आयफेलच्या धर्तीवर, २९९ पायऱ्यांचा. टेकडीवर जाणाऱ्या दोरीच्या रेल्वेचं मोठं काम सप्टेंबर २०२४ मध्ये निघालं. ती सुरू आहे का ते बघूनच वेळ ठरवा, नाहीतर अर्धा तास चढ धरून चाला. पाय थकले असतील तर पेत्र्झीन सोडा आणि संध्याकाळी लेतना हे टेकडीवरचं उद्यान गाठा, ते अजिबात सोडू नका. तिथल्या प्रचंड चौथऱ्यावर १९५५ साली स्टालिनचं स्मारक उभारलं आणि १९६२ साली सुरुंग लावून उडवलं. १९९१ पासून त्या जागी मोठा मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारा लंबक, आहे. कठड्यावरून व्हल्तावा नदीवरचे पूल एकामागे एक ओळीने दिसतात. शनिवारी रात्री मेट्रो एकच्या सुमारापर्यंत चालते, त्यानंतर नव्वदीच्या नंबरांच्या रात्रीच्या ट्राम.

याच बाजूला, देयवित्से भागात, तंत्रविद्यापीठाच्या परिसरात ठाकुरोवा नावाचा रस्ता आहे, रवींद्रनाथांच्या नावाचा, आणि तिथे त्यांचा अर्धपुतळाही आहे. ते १९२१ आणि १९२६ साली प्रागला आले होते. हिरव्या लाइनीने देयवित्स्का स्टेशनावर उतरून चालत जाता येतं.

रविवार

चार्ल्स पूल सातच्या आत. नऊनंतर त्यावर नुसती रेटारेटी असते. लांबी ५१६ मीटर, पायाभरणी १३५७ ची, पुतळे ३०. पुतळ्यांपैकी बरेचसे आता प्रतिकृती आहेत, वालुकाश्म झिजतो आणि काळा पडतो म्हणून मूळ पुतळे आत हलवले. नेपोमुकच्या सेंट जॉनच्या पुतळ्याखाली धातूची दोन चित्रं आहेत. लोकांच्या हातांनी घासून ठरावीक जागाच पिवळ्याधमक झाल्या आहेत आणि बाकी धातू काळपट, त्यावरून कुठे हात लावायची रीत आहे ते न सांगता कळतं.

पुलावरून जुन्या शहरात शिरताना डावीकडे क्लेमेन्टिनम हे जुनं जेझुइट विद्यालय लागतं. इथे १७७५ पासून हवामानाची रोजची नोंद अखंड चालू आहे. आत गाइडबरोबरच जाता येतं आणि गट छोटे असतात, तेव्हा तिकीट आधी काढा किंवा बाहेरूनच बघून पुढे चला.

नऊला योझेफोव्ह. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, गावांप्रमाणे आणि त्यात आडनावांप्रमाणे, जन्मतारीख आणि शेवटची ज्ञात तारीख यांसह. दुरून भिंत करडी दिसते, जवळ गेलं की अक्षरं सुटी होतात. एकाच आडनावाखाली चार-पाच नावं आणि सगळ्यांपुढे एकच तारीख असं वारंवार दिसतं. वरच्या मजल्यावर नाझींनी तेरेझीनच्या वस्तीत कोंडलेल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने त्यांना तिथे चोरून शिकवलं आणि स्वतः आउशवित्झला पाठवली जाण्याआधी सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली. इथे घाई करू नका, या एका जागेला तास द्या. बाहेर पडलं की जुनी स्मशानभूमी. जागा वाढवता येत नव्हती म्हणून मातीचे थर टाकून एकावर एक दफनं झाली आणि वरचे दगड असे दाटीने, तिरपे उभे राहिले. सर्वांत जुना दगड १४३९ चा. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर कागदी मिळते. दुपारी बसगाड्या येतात, म्हणून सकाळ.

दुपारी वेन्सेस्लास चौक चढून नॅशनल म्युझियमपाशी या. दर्शनी खांबांवरचे फिकट ठिपके १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणातल्या गोळ्यांच्या खुणा आहेत. समोर फरसबंदीत उगवल्यासारखा ब्राँझचा क्रूस आहे. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने त्या आक्रमणाच्या निषेधात याच जागी स्वतःला पेटवून घेतलं.

शेवट विशेह्राड या दुसऱ्या जुन्या किल्ल्यावर करा, त्याला कारण सोयीचं आहे. लाल लाइनीवर विशेह्राडहून मुख्य स्टेशन तिसरं. किल्ल्याचे तट आणि बाग फुकट, गर्दी कमी आणि नदीचं वळण थेट खाली. चर्चमागच्या स्मशानभूमीत संगीतकार द्वोर्झाक आणि स्मेताना, चित्रकार मुखा आणि लेखक कारेल चापेक यांच्या कबरी आहेत. ‘रोबोट’ हा शब्द जगाला मिळाला तो चापेकच्या १९२० च्या नाटकातून. सॅक मुख्य स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवली असेल तर गाडीच्या पाऊण तास आधी विशेह्राडहून निघा. फलाट क्रमांक बोर्डावर उशिरा लागतो आणि रविवार संध्याकाळच्या जर्मनीच्या गाड्या भरलेल्या असतात. जाताना नाही तरी येताना जागेचं आरक्षण घ्याच, नाहीतर दारापाशी उभं राहून यावं लागेल.

हद्दीपाशी जर्मन पोलीस गाडीत चढून कागद बघतात, बस असेल तर ती बाजूला घेऊन थांबवतात. पासपोर्ट आणि परमिट वरच्या खिशात ठेवा, फळीवरच्या सॅकमध्ये नको. बसने येणाऱ्यांनी या तपासणीसाठी वेळ धरावा आणि पुढची जोडगाडी घट्ट बांधू नये. डॉइचलांडटिकेट असेल तर ड्रेस्डेनहून पुढची शेवटची गाडी किती वाजता आहे ते प्राग सोडण्याआधीच बघून ठेवा.